घराचा हप्ता आणि गाडीचा पास

विरार स्थानकाच्या पूर्वेस उतरून मनवेलपाडा रस्त्यानें चालूं लागलें म्हणजे दुतर्फा इमारतींच्या रांगा लागतात. पाडा म्हणजे मूळची चार घरांची वाडी. तें नांव तेवढें शिल्लक राहिलें असून वस्ती शहराची झाली आहे. येथून पहाटे निघालेला नोकरदार सुमारें ६० किलोमीटरांवरील चर्चगेट गाठतो आणि दिवेलागणीनंतर घरीं परततो. घर एकीकडे व उद्योग दुसरीकडे, ही विभागणी एका सबंध राष्ट्राच्या नित्यक्रमांत आणली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेनें. मनवेलपाड्याचा वृत्तांत नीट उमगावयाचा तर अगोदर त्या देशाकडे वळणें बरें.

युद्धांत सुमारें १ कोटि ६० लक्ष अमेरिकन स्त्रीपुरुषांनीं सैन्यांत काम केलें. ते परतले तेव्हां घरांची विलक्षण टंचाई होती. मंदीच्या दशकांत व युद्धकाळांत बांधकाम मंदावलें होतें. याची चाहूल आधींच घेऊन अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं २२ जून १९४४ रोजीं एका कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्यानें परतलेल्या सैनिकास शिक्षणाचा खर्च मिळाला, बेकारीचा भत्ता मिळाला, आणि त्याच्या गृहकर्जास सरकारची हमी मिळाली. यांतील शेवटची गोष्ट फार दूरगामी ठरली. सरकार जामीन राहिल्यावर बँकेस धास्ती कसली? हातीं पुंजी नसलेल्या तरुणासहि दीर्घ मुदतीचें कर्ज मिळूं लागलें.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीनें १९४७ ते १९५१ या काळांत १७,४४७ घरें उभीं केलीं. पूर्वीं तेथें बटाट्याचीं शेतें होतीं. मोटारीच्या कारखान्यांत माल पुढें सरकतो आणि कामगार जागेवर असतो. येथें घरें जागेवर राहिलीं आणि कामगारांच्या तुकड्या सरकत गेल्या. एक तुकडी पाया घाली, दुसरी छप्पर चढवी, तिसरी केवळ रंग देई. पुढें १९५६ च्या कायद्यानें ४१,००० मैलांच्या महामार्गांची योजना मंजूर झाली आणि उपनगरवासियास मोटारीवांचून गत्यंतर उरलें नाहीं.

या घरांचें दार मात्र सर्वांस उघडें नव्हतें. गोऱ्यांखेरीज कोणास राहूं देऊं नये, असें कलम लेव्हिटच्या करारांत होतें. अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांनीं करूं नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला, तरी कंपनीचें धोरण पालटलें नाहीं. १९५७ सालीं पेनसिल्व्हानियांतील लेव्हिटटाउनमध्यें पहिलें कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आलें, तेव्हां त्याच्या दारापुढें जमाव जमून दगडफेक झाली. घरांच्या खरेदी-विक्रींतील वर्णभेदास बंदी करणारा कायदा १९६८ मध्यें झाला. तोंवर वाढत्या किंमतीच्या घरांनीं गोऱ्या कुटुंबांच्या पदरीं पिढीजात संपत्ति बांधली होती.

मुंबईच्या उत्तरेस क्रम निराळा होता. येथें आगगाडी आधीं आली, घरें कितीतरी नंतर. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, १९३६ सालीं विजेची गाडी विरारला पोंचली. तरीहि भातशेतें बराच काळ शेतेंच राहिलीं. लोंढा इकडे लोटण्यास मुंबईंतील एक कायदा बराचसा कारण झाला. युद्धानें शहरांत घरटंचाई आणली होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूस तो दिलासा आवश्यकच होता. पण दुरुस्तीपुरतेंहि भाडें हातीं न येणारा मालक नवी चाळ कशास बांधील? चाळींत वाढलेल्या मुलास लग्नानंतर जागा विकत घेणें प्राप्त झालें, आणि परवडण्याजोगी जागा लोहमार्गाच्या दूरच्या टोंकास होती.

१९९० सालीं वसई-विरारचें नियोजन सिडकोकडे सोंपविण्यांत आलें. शेतें व बागा राखण्यासाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींनीं हरित वसईची चळवळ चालविली. ३ जुलै २००९ रोजीं महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां कित्येक गांवांनीं तींत सामील होण्यास कडवा विरोध केला. २०११ च्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या १२,२२,३९० भरली.

गृहजीवनांतहि भेद दिसतो. युद्धकाळीं कारखान्यांत गेलेल्या अमेरिकन स्त्रियांस शांतता होतांच पुन्हां घराकडे वळविण्यांत आलें. विरारच्या घराचा हप्ता पुष्कळदां नवराबायको दोघांच्या पगारांतून फिटतो. १९९२ सालीं चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झालेली खास महिलांची गाडी १९९३ मध्यें विरारपर्यंत वाढविण्यांत आली, ती कांहीं उगाच नव्हे.

परंतु खरा भेद जामिनकीचा. अमेरिकन सरकार कर्जास जामीन राहिलें, म्हणून घर पारखून घेणेंहि त्यास भाग पडलें. येथें ती पारख खरेदीदाराच्या गळ्यांत पडली. सात-बाराचा उतारा, बिनशेती परवानगी, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, हीं कागदपत्रें कारकुनी करून दमलेल्या मनुष्यानें तपासावीं कशीं? त्याला दिसते ती भिंतीवरची ताजी सफेती. घर अनधिकृत असलें तरी त्यांतील मत अधिकृत असतें, हें पुढाऱ्यांसहि ठाऊक असतें.

परिणाम २०२५ सालीं उघड झाले. नालासोपारा पूर्वेस अगरवाल नगरींत, सांडपाणी-शुद्धीकरण व कचराभूमीसाठीं राखून ठेवलेल्या जागेवरील ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानें पाडण्यांत आल्या आणि हजारों माणसें उघड्यावर आलीं. ऑगस्टच्या २६ तारखेस मध्यरात्रीच्या सुमारास विरार पूर्वेंतील रमाबाई अपार्टमेंट या इमारतीचा भाग कोसळून १७ जण दगावले. ती अनधिकृत होती व तिला पुरतीं पंधरा वर्षेंहि झालीं नव्हतीं. अशा घरावर कोणी कर्ज काढलें असेल तर घराबरोबर तें कर्ज कोसळत नाहीं. बँकेशीं केलेला करार उभा राहतो आणि हप्त्याची तारीख येतच राहते. मनवेलपाड्यांत आज जागा पाहावयास येणाऱ्या जोडप्यास इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राची खातरजमा महानगरपालिकेच्या नगररचना विभागांत करून घेतां येते. त्यासाठीं कामाच्या दिवशीं रजा काढावी लागते, एवढेंच.