मोटारीचे पिस्टन कसे निवडावे?

इंदूरच्या राजेंद्र नगरात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन वेगवान मोटारींची कल्पना करा. दोहोंची इंजिने झिजली असून ती नव्याने बांधावयाची आहेत. एक रोज शहरात कामास जाते. दुसरीच्या मालकास ती पीथमपूर येथे 2021 साली सुरू झालेल्या 11.3 किलोमीटर लांबीच्या चाचणीमार्गासारख्या मोकळ्या पट्टीवर दीर्घकाळ भरधाव हाकावयाची आहे. दोघींना एकच पिस्टन चालेल काय?

प्रथम पिस्टनवरील ताण पाहू. इंजिनाचे मिनिटास 6000 फेरे होत असता पिस्टन सेकंदास 200 वेळा थांबून उलट धावतो. फेरे दुप्पट झाले, तर त्याला उलटविण्यास लागणारे बल चौपट होते. म्हणून तो हलका हवा, आणि म्हणूनच तो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करतात. परंतु हा धातू बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. 80 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन 100 अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे 0.18 मिलिमीटर फुगतो. तेवढाच तापलेला बिडाचा सिलिंडर मात्र 0.09 मिलिमीटरच रुंदावतो. यासाठी दोहोंमध्ये फट ठेवावी लागते. ती अपुरी पडली, तर पिस्टन जाम होतो. फाजील झाली, तर थंड इंजिन खडखडते आणि तेल जळू लागते.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. सुमारे 12 टक्के सिलिकॉन असलेला ओतीव पिस्टन कमी फुगतो व शांत चालतो. पण नॉकिंगचा मार सोसवला नाही, तर तडकतो. 4032 क्रमांकाच्या मिश्रधातूचा घडीव पिस्टन तितकेच सिलिकॉन असूनही अधिक बळकट असतो. 2618 या मिश्रधातूत सिलिकॉन नाममात्र असल्याने त्याचा घडीव पिस्टन तडकण्याऐवजी मार पचवितो. मात्र तो अधिक फुगतो, फट मोठी मागतो आणि लवकर झिजतो. तेव्हा सर्वांत मजबूत तोच सर्वांत योग्य, असे समजू नये. रोजच्या मोटारीस ओतीव किंवा 4032 पुरेसा आहे. टर्बोने हवा कोंबून दीर्घकाळ भरधाव धावणाऱ्या मोटारीस 2618 शोभतो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सिलिंडर बोअर करून मग पिस्टन शोधणे ही उलटी रीत होय. पिस्टन हाती आल्यावर निर्मात्याने सांगितलेल्या जागी प्रत्येकाचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा, आणि त्यास सांगितलेली फट राहील अशा बेताने बोअर करवून घ्यावे. सर्वांची वजने जुळतात की नाही हे पाहावे. पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची जुन्या पिस्टनशी ताडावी. ती वाढली, तर दाबाचे प्रमाण वाढून नॉकिंग सुरू होते आणि माथा व्हॉल्व्हवर आपटण्याचेही भय असते.

म्हणून किंमत विचारण्यापूर्वी मालकाने स्वतःसच विचारावे : माझी मोटार कोठे, किती वेळ आणि कोणत्या वेगाने धावणार? उत्तर प्रामाणिक असले, की निवड चुकत नाही.