पदविका हातात पडल्यावर

लेखमाला : शिक्षणानंतर – भाग ६

२०२५ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत महाराष्ट्राच्या रकान्यात अच्युत पालव आणि वासुदेव कामत अशी दोन नावं होती. एक सुलेखनकार, दुसरे व्यक्तिचित्रकार, आणि दोघंही मुंबईच्या जे.जे.चे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत फोटो आले, 'जे.जे.च्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव' असे मथळे आले, आणि विषय संपला. कलामहाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांची बातमी आपल्याकडे अशीच येते. तिच्यात एका टोकाला पदविका असते, दुसऱ्या टोकाला पुरस्कार. मधली तीस-चाळीस वर्षं पोट कसं भरलं, हे मात्र कुणी विचारत नाही. 'मुलीला आर्टला घालू का?' असं विचारणाऱ्या पालकांना तर नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं. मागच्या आठवड्यात प्रवेश आणि अभ्यासक्रम पाहिले. या वेळी पहिल्या नोकऱ्यांकडे पाहू. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: पोटापाण्यासाठी घेतलेल्या आणि पुढे चरित्रात जेमतेम एका ओळीत उरकल्या जाणाऱ्या कामातच या मंडळींची खरी तयारी झाली.

त्याआधी दोन खोल्यांचा फरक. बाहेरच्याला जे.जे. म्हणजे एकच संस्था वाटते. आतले लोक मात्र पहिला प्रश्न विचारतात, 'फाइन की अप्लाइड?' १८५७ मध्ये शाळा सुरू झाली ती सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर, आणि हेतू होता कुशल कारागीर घडवण्याचा. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या इमारतीवरच्या कोरीवकामात तिथल्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. १९३५ मध्ये जाहिरातीच्या कामासाठी 'कमर्शियल'चा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये तो उपयोजित कला संस्था म्हणून वेगळा झाला. फाइनवाल्यांनी अप्लाइडवाल्यांना धंदेवाईक म्हणायचं आणि अप्लाइडवाल्यांनी फाइनवाल्यांना 'जेवलास का रे?' विचारायचं, ही थट्टा तेव्हापासूनची. ती फारशी खरी नाही. फाइनचे विद्यार्थीही पहिल्या दिवसापासून पैशाची कामं करत आले आहेत.

भानू अथय्या यांचंच पाहा. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली ही मुलगी. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार. जे.जे.मध्ये असताना १९५१ साली तिला उषा देशमुख सुवर्णपदक मिळालं. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली, ज्या गटात हुसेन, रझा, सूझा यांची नावं घेतली जातात त्याच गटात. इथून पुढे चित्रकार म्हणून सरळ वाट दिसत होती. पण तिने धरलं ते 'ईव्हज वीकली' या बायकांच्या साप्ताहिकात फॅशनची चित्रं काढायचं काम.

ते काम म्हणजे काय, हे जरा थांबून पाहिलं पाहिजे. त्या काळी तयार कपड्यांची दुकानं थोडी होती. वाचक बाई साप्ताहिकातलं चित्र कापून शिंप्याकडे न्यायची. म्हणजे चित्र नुसतं सुंदर असून भागत नसे. गळा कुठवर खोल, चुण्या खांद्यापासून की कमरेपासून, कापड सुती असेल तर ते कसं उभं राहील आणि रेशमी असेल तर कसं ओघळेल, हे सगळं शिंप्याला त्या रेषेतून कळायला हवं. न्यूड स्टडीत शरीराचा सांगाडा शिकलेल्या हाताला आता त्या शरीरावरचं कापड शिकायला मिळालं. साप्ताहिकाच्या संपादिकेने पुढे बुटिक काढलं आणि हिलाच कपडे बेतायला सांगितले. तिथे सिनेमातल्या नट्या येऊ लागल्या, आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून गुरुदत्त यांच्या चित्रपटांची कामं सुरू झाली.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी'ची वेशभूषा करताना हे सगळं एकत्र कामाला आलं. चित्रपटाची मुख्य गोष्ट सुरू होते १८९३ च्या दक्षिण आफ्रिकेत आणि संपते १९४८ ला. या काळात एकाच माणसाचा पोशाख बॅरिस्टरच्या सुटापासून गुडघ्यापर्यंतच्या पंच्यापर्यंत येतो, आणि मधे भारतात परतल्यावरचा काठियावाडी अंगरखा-फेटाही आहे. प्रेक्षकाला कुणी 'आता १९१५ साल आहे' असं सांगत बसत नाही, कपडे सांगतात. सूत हातकताईचं असेल तर त्याची जाडी सारखी नसते, पांढरा रंगही एकच पांढरा नसतो, आणि शंभर वेळा धुतलेलं धोतर नव्या धोतरासारखं पडत नाही. वेशभूषाकाराचं अर्धं काम नवं कापड 'जुनं पाडण्यात' जातं. इंग्रजांचे गणवेश आणि पोशाख जॉन मोलो यांनी पाहिले, भारतीय पोशाखांची बाजू भानूताईंनी. १९८३ मध्ये दोघांना मिळून ऑस्कर मिळालं आणि 'पहिल्या भारतीय ऑस्कर विजेत्या' ही बातमी झाली. २०१२ मध्ये त्यांनी ती ऑस्करची मूर्ती जपणुकीसाठी अकादमीकडेच परत पाठवलं, तेव्हा दुसरी बातमी झाली. 'ईव्हज वीकली'तल्या त्या वर्षांची बातमी कधी झाली नाही. मला विचाराल तर ऑस्करचा मोठा वाटा तिथलाच.

आता शिल्पकलेकडे. राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, सुताराघरचे. १९५३ मध्ये जे.जे.तून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी औरंगाबादला पुरातत्त्व खात्यात लागले. काम होतं अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचं. तुटलेलं बोट, झिजलेला गुडघा, फुटलेला कान. चार वर्षं हेच.

अशा कामात शिल्पकाराला स्वतःचं काही करायला वाव नसतो, उलट स्वतःचा हात दाखवणं हीच तिथे चूक ठरते. बाराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने कुठे किती दगड सोडला आणि का सोडला, हे ओळखावं लागतं. लांबून आणि खालून पाहणाऱ्या माणसाला मूर्ती बरोबर दिसावी म्हणून प्रमाणं कशी हलवायची, हे वेरूळच्या कैलासासमोर उभं राहून जितकं कळतं तितकं वर्गात कळत नाही. वर्गातलं मॉडेल डोळ्यांच्या पातळीवर असतं. खालून पाहिल्यावर मात्र डोकं लहान दिसतं, हनुवटी पुढे येते, छातीआड चेहरा लपतो. मग शिल्पकाराला मुद्दाम 'चूक' करावी लागते.

त्यानंतर सुतार दिल्लीला केंद्र सरकारच्या माहिती खात्यात गेले, पण १९५९ मध्ये नोकरी सोडली. गांधीसागर धरणावरची चंबळमातेची पंचेचाळीस फुटी मूर्ती त्यांनी काँक्रीटच्या एका सलग ठोकळ्यातून छिन्नी-हातोड्याने कोरली. शेवटी नर्मदेकाठी १८२ मीटरचे सरदार पटेल उभे राहिले. त्या पुतळ्याच्या उंचीवर, खर्चावर आणि हेतूवर लोकांनी हवं ते बोलावं, बोललेही आहेत. मला त्यातलं एकच बघण्यासारखं वाटतं, आणि ते म्हणजे चेहरा. इतक्या खालून पाहूनही तो पटेलांचाच राहतो. आधी तीस फुटांचं मॉडेल, मग त्याचं संगणकीय मोजमाप, मग कांस्याचे पत्रे, अशी त्याची कृती सांगितली जाते. पण पायथ्याशी उभ्या माणसाला काय दिसेल हा प्रश्न मात्र पुरातत्त्व खात्यातल्या दिवसांपासूनचा आहे.

अप्लाइडच्या बाजूने एक उदाहरण असं आहे की तुम्ही ते रोज वापरलं असेल आणि कर्त्याचं नाव ठाऊक नसेल. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे 'आर. के.', जे.जे.त शिकून जाहिरात संस्थांमध्ये गेले. तो काळ हाताने अक्षर काढायचा. जाहिरातीतला मथळा व्हिज्युअलायझरने कच्चा मांडायचा, मग फायनल आर्टिस्टने शाईने पक्का करायचा, ब्रोमाइड काढायचं, रबर सोल्यूशनने चिकटवायचं. मुंबईतल्या जाहिरातींचा मूळ मजकूर बहुधा इंग्रजीत, म्हणून मराठी-हिंदी मथळ्याला तेवढ्याच जागेत बसवायची कसरत. वेलांटी वर जाते, उकार खाली येतो, जोडाक्षर रुंद होतं आणि क्लायंट म्हणतो, 'इंग्रजीसारखं दिसू दे.' अशा रोजच्या ओढाताणीत देवनागरी अक्षराची शरीररचना जोशींना तोंडपाठ झाली. पुढे ते पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले, संगणकासाठी भारतीय लिप्यांचे टाइप करू लागले आणि विंडोज २००० बरोबर जगभर पोहोचलेला 'मंगल' हा फाँट त्यांच्या हातचा. सरकारी परिपत्रकं, दाखले, निविदा, शाळांच्या प्रश्नपत्रिका सगळं काही वर्षानुवर्षं मंगलमध्ये. मंगल सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. पडद्यावर बारीक आकारातही वाचता यावा म्हणून तो केलेला आहे, आणि लोकांनी त्यातच लग्नपत्रिका छापल्या, त्याला जोशी काय करणार!

अच्युत पालव याच परंपरेतले. मोडी लिपीचा अभ्यास करून तिचा वेग त्यांनी देवनागरीत आणला. आज मालिकांची शीर्षकं, पुस्तकांची मुखपृष्ठं आणि टी-शर्टांवर जे मोकळं, फटकारलेलं मराठी अक्षर दिसतं, त्याचं बरंच श्रेय त्यांच्या पिढीला आहे. कामतांना २००६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च ड्रेपर पुरस्कार मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्राला. दोघांचीही दीर्घ कामं आहेत, पण पालव-कामतांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत म्हणून इथेच थांबतो.

आता लिलावाच्या बातम्या, ज्यांनी पालकांचा सर्वाधिक गोंधळ उडवलेला आहे. वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २०१५ मध्ये मुंबईत ख्रिस्तीजच्या लिलावात सुमारे २९ कोटींना गेलं. मूळ गोव्याचे, जन्म नागपूरचा, १९४८ साली जे.जे.तून पदविका. 'बघा, चित्रकलेत किती पैसा आहे!' असं त्या बातमीखाली म्हणायची पद्धत आहे. गायतोंडे २००१ मध्ये वारले होते. दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, वर्षाला मोजकीच चित्रं करत ते राहिले. तय्यब मेहता त्यांच्यापेक्षा नशीबवान, निदान बातमी वाचायला हजर होते. त्यांचं 'सेलिब्रेशन' २००२ मध्ये दीड कोटींना गेलं, आणि आधुनिक भारतीय चित्रांच्या बाजाराची ती सुरुवात मानली जाते. पण लिलावातला पैसा विकणाऱ्याचा असतो. चित्रकाराने ते चित्र कधीतरी, कुणाला तरी, त्या वेळच्या भावात देऊन टाकलेलं असतं.

कायद्यात यावर एक तरतूद आहे, ती कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ हवी. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत. व्यवहारात हा हक्क बजावला गेल्याचं फारसं ऐकू येत नाही. चित्र देताना साधी पावती करायचीही आपल्या चित्रकारांना लाज वाटते, तिथे वाटा कोण मागणार? कोणत्याही व्यावसायिक अभ्यासक्रमात करार शिकवतात. कलेच्या वर्गात तो शिकवला तर काही रंग उडणार नाही.

तय्यब मेहतांच्या बाबतीतही ती चरित्रातली ओळ सापडतेच. जे.जे.त जाण्याआधी ते चित्रपटाच्या संकलन विभागात काम करत होते. पुढे १९७० मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी 'कूडल' हा लघुपट केला, त्यात वांद्र्याचा कत्तलखाना येतो. त्यांच्या चित्रांत कॅनव्हास तिरप्या पट्ट्याने दुभंगतो, आकृती मधेच कापली जाते. ती कात्री संकलनाच्या टेबलावरून आली असं मी म्हटलं तर समीक्षक ओरडतील. तरी म्हणतो.

सगळेच रंगात राहिले नाहीत, हेही धरायला हवं. अमोल पालेकर जे.जे.त चित्रकला शिकले, बँकेत नोकरी केली, मग नाटक-सिनेमात गेले. नाना पाटेकर अप्लाइडचे. अशांना 'कला सोडलेले' म्हणतात, त्यात काही अर्थ नाही. उलटी गंमत व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची. त्यांना जे.जे.ने प्रवेशच नाकारला होता, आणि नाव झाल्यावर त्याच संस्थेने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. संस्थेच्या यशाची यादी करताना हा कागदही फाइलमध्ये ठेवायला हरकत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र एक नवीन नोकरी तयार झाली आहे, आणि तिचं नाव अजून पालकांपर्यंत पोहोचलेलं नाही: क्युरेटर. २०१२ च्या डिसेंबरात फोर्ट कोचीच्या जुन्या गोदामांत कोची-मुझिरिस बिनाले सुरू झालं. ते उभं करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियाज कोमू हे दोघंही केरळातून मुंबईला येऊन जे.जे.त शिकलेले. दुसऱ्या बिनालेचे क्युरेटर जितीश कल्लाट, तिसऱ्याचे सुदर्शन शेट्टी, दोघंही जे.जे.चेच. चौथ्या वेळी बडोद्याला शिकलेल्या अनिता दुबे आल्या, तेव्हा कुठे ही ओळ तुटली. क्युरेटरचं काम म्हणजे कोणाची कलाकृती कुठे लावायची एवढंच नसतं. कलाकृती परदेशातून आणायची, कस्टम्समध्ये ती 'लोखंडी भंगार' नाही हे पटवायचं, विमा उतरवायचा, गळक्या गोदामाला छप्पर शोधायचं, देणगीदाराला थोपवायचं आणि शेवटी भिंतीवर सामान्य माणसाला कळेल असा परिच्छेद लिहायचा. यातला शेवटचा भाग आमच्याकडे सर्वांत वाईट होतो. वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी आपल्याच कामाखाली लावलेली टिपणं वाचावीत. चित्र कळतं, टिपण कळत नाही.

२०२३ मध्ये जे.जे.च्या फाइन, अप्लाइड आणि वास्तुकला या तिन्ही शाखांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम आता त्यांना स्वतः ठरवता येतील. लेखन, करार आणि संग्रहालयाचं काम हे तीन विषय त्यात येतात का, ते पाहायचं.

राज्यातल्या कलामहाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांचा एक मोठा गट या लेखात आलाच नाही. त्यांच्या बातम्या येत नाहीत, पण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना तुम्हाला त्यांनीच बसवलेलं असतं. एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालेले चित्रकला शिक्षक, त्यांची रिकामी पदं आणि वेळापत्रकातून इंग्रजीच्या जादा तासाला दिलेला चित्रकलेचा तास, हे पुढच्या आठवड्यात.