पडद्यावरचा पाठ आणि तालुक्याचा वर्ग

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर सावनेर लागते. संत्री, कपाशी आणि कोळशाच्या खाणी यांचा हा तालुका. येथील शिक्षकाला, कचेरीतील लिपिकाला किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याला काही नवे शिकायचे झाले की एरवी नागपूरची बस धरावी लागे. आता पाठ मोबाइलवर घरी येतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, पाठ घरी आला म्हणून शिक्षण पुरे झाले काय?

दूरचे साधन आणि जवळचा शिक्षक यांची सांगड घालण्याचा विचार आपल्याकडे आजचा नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देताना केवळ कार्यक्रम दाखवून भागवले गेले नाही. प्रत्यक्ष कृती आणि चर्चा यांची जोड देण्यात आली. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने घरी अभ्यासासाठी पुस्तके दिली, तशीच अभ्यासकेंद्रांवर संपर्कसत्रेही ठेवली. पुढे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ने हीच रीत गावोगावच्या नोकरदारांच्या परिचयाची केली. धडे संगणकावर, पण गिरवायचे केंद्रात, आणि अडले की तेथील मार्गदर्शकाला विचारायचे. उतारवयात प्रथमच माउस हाती धरणाऱ्या लिपिकाची भीड मोडली ती या शेजारच्या माणसामुळे.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ही जोडी तुटली. एकच फोन असलेल्या घरात तो वडिलांबरोबर कामावर गेला की मुलांची शाळाही त्याच्याबरोबर जाई. शिक्षकांसाठीचा ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झाला होता. ऑक्टोबर २०२० पासून तो ‘दीक्षा’ मंचावर आला. तो काळ आपत्तीचा होता. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. परंतु आपत्तीतील तडजोड हाच नियम मानण्याचा मोह आता टाळला पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मधील टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला समोरासमोर शिकवावा, असे सुचवले. टक्केवारी ठरवणे सोपे आहे. कोणते काम कोणाकडे द्यावे, हे ठरवणे अवघड. माहिती, व्याख्यान, उजळणी ही पडद्याची कामे; तो न थकता दहादा तोच पाठ देईल. शंका चेहऱ्यावर ओळखणे, चूक त्याच क्षणी दाखवणे, हाताला वळण लावणे ही माणसाची. यंत्राची रचना चित्रफितीत नीट दिसते. नट किती आवळावा, हे शेजारी उभा असलेला कारागीरच सांगू शकतो. अपूर्णांक कसे शिकवावेत, हे शिक्षकाने घरी पाहावे. पण शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांपुढे तो पाठ घेतल्यावाचून ते शिक्षण अंगी लागत नाही.

खरा धोका खर्चाच्या हिशेबात आहे. चित्रफीत एकदा केली की लाखांना पुरते. खोली, प्रवासभत्ता आणि मार्गदर्शकाचे मानधन मात्र दर वेळी द्यावे लागते. म्हणून काटकसरीची कात्री प्रथम प्रत्यक्ष भेटीवर चालते. नागपूरचा विद्यार्थी ही उणीव शिकवणीवर्गात भरून काढील. सावनेरच्या विद्यार्थ्याने कोठे जावे?

यावर उपाय खर्चिक नाही. सुटीच्या दिवशी रिकाम्या राहणाऱ्या शाळांच्या खोल्या तालुक्यात आहेत, जाणते शिक्षकही आहेत. त्यांना रीतसर मानधन द्यावे, महिन्यातून दोन दिवस ठरवावेत आणि प्रमाणपत्र चित्रफीत संपल्यावर नव्हे, तर काम प्रत्यक्ष करून दाखविल्यावर द्यावे. एवढे झाले तरच मोबाइलवरील पाठाने नागपूरची फेरी खऱ्या अर्थाने वाचेल. नाहीतर बसभाडे तेवढे वाचेल आणि शिकायचे राहून जाईल.