ताडपत्रावरची जातककथा

श्रीलंकेच्या विहारांत जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, शतकानुशतकं श्रीताडाच्या पानांवर जपल्या गेल्या. न उमललेला कोंब कापायचा, पानांच्या शिरा काढायच्या, त्यांच्या गुंडाळ्या करून उकळायच्या आणि वाळवायच्या. मग प्रत्येक पट्टी सुपारीच्या गुळगुळीत खोडावरून मागंपुढं ओढत राहायचं, ती सपाट होईपर्यंत.

लिहिणं म्हणजे इथं कोरणं. पान डाव्या हातात धरून टोकदार लोखंडी लेखणीनं अक्षरं ओढतात, पण ती दिसतात जेमतेम. कोळशाची पूड आणि राळेचं तेल यांचा लेप पानभर चोळून वरचा थर तांदळाच्या कोंड्यानं पुसला, की काळा रंग फक्त खोबणीत उरतो आणि मजकूर एकदम वर येतो. हात चुकला असेल, तर तेही तेव्हाच नीट दिसतं. पानांवर आकडे नसतात. समासात क, का, कि, की अशी अक्षरं असतात. एका व्यंजनाची सोळा पानं झाली की पुढचं व्यंजन. बाराखडी घोकलेल्या मराठी माणसाला हा क्रम लगेच उमगेल. पानांना भोकं पाडून दोरी ओवतात आणि वरखाली लाकडी फळ्या बांधतात.

पाली संग्रहात 547 जातकं आहेत. त्यांची मांडणी विषयानुसार नाही, गाथांच्या, म्हणजे पद्यांच्या, संख्येनुसार आहे: एकेका गाथेची 150 जातकं आधी, सर्वांत लांब वेस्संतर शेवटी. हवी ती गोष्ट शोधायला ही रचना गैरसोयीची, हे खरं. पण मूळ त्रिपिटकात, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथात, मोडतात त्या गाथाच. भोवतीचं गद्य अट्ठकथेचं, म्हणजे टीकेचं. गाथा छंदात असल्यानं एखादं अक्षर गळलं तर लय अडखळते आणि जाणत्या भिक्खूच्या कानाला ते कळतं. माझ्या मते पाठ टिकण्यात पानापेक्षा या छंदाचा वाटा मोठा आहे.

कारण दमट हवा आणि कीड पानाला फार जगू देत नाहीत. पोथी टिकते ती पुन्हा उतरवल्यानं, आणि उतरवणं हे पुण्यकर्म मानलं जातं. डॅनिश अभ्यासक रास्क यांनी श्रीलंकेतून नेलेल्या पोथ्या कोपनहेगनला होत्या, म्हणूनच फाउसबॉल यांना 1877 ते 1896 या काळात जातकांची छापील पाली आवृत्ती तिथं सिद्ध करता आली.

मराठीत दुर्गा भागवतांचं ‘सिद्धार्थ जातक’ आहे. ते वाचताना गाथा ओलांडून पुढं जाऊ नका. आधी त्या वाचा, मग गोष्ट.