शर्यतीची गाडी आणि वाटेची गाडी

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो आता अकोले तालुक्यात, राजूरच्याही पलीकडे एका वाडीवरच्या शाळेत शिक्षक आहे. उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. "काय रे, हे काय झालं?" मी विचारले. म्हणाला, "सर, चिखलात गाडी घसरली. हाड मोडलं नाही हेच नशीब. आता ही विकून दुसरी घ्यावी म्हणतो. पण वडील म्हणतात, पहिलीचे हप्ते आत्ता कुठं फिटले, लगेच दुसरी कशाला? तुम्हीच सांगा, हा नाद आहे की गरज?"

त्याच्याजवळ कॉलेजात असताना घेतलेली स्पोर्ट मोटारसायकल होती. घ्यायची होती ती 'ॲडव्हेंचर टूरर' नावाने ओळखली जाणारी उंच गाडी. आपण सोयीसाठी पहिलीला शर्यतीची गाडी म्हणू आणि दुसरीला वाटेची. या दोहोंत नेमका फरक कोणता, हे समजले तर वडील आणि मुलगा या दोघांचेही समाधान होईल.

पुष्कळांना वाटते की फरक इंजिनात असतो. वस्तुतः तसे नाही. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, चाकणला तयार होणाऱ्या केटीएमच्या गाड्यांचेच पाहा. २०१४ मध्ये आलेली आर.सी. ३९० ही शर्यतीची आणि २०२० मध्ये आलेली ३९० ॲडव्हेंचर ही वाटेची. दोघींच्या पोटात ३७३ सी.सी.चेच इंजिन होते. मग बदलले काय? बदलली ती बसण्याची तऱ्हा, चाके आणि शॉकॲब्सॉर्बर.

आधी बसण्याचे पाहू. शर्यतीच्या गाडीचे हँडल खाली असते आणि पाय मागे घ्यावे लागतात. स्वार पुढे वाकतो. भरधाव वेगात समोरचा वारा छातीला टेका देतो, म्हणून मनगटावर भार कमी येतो. परंतु घाटात आपण तीसचाळीसच्या वेगाने जातो. तिथे कसला वारा आणि कसला टेका! सगळा भार तळहातांवर येतो. माझ्या विद्यार्थ्याचे मनगट पडण्याच्या आधीपासूनच दुखत होते, ते यामुळे. वाटेच्या गाडीचे हँडल उंच व रुंद असते. त्यामुळे माणूस ताठ बसतो आणि वेळ पडली तर फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवू शकतो. उभे राहिले की गुडघे स्वतःच शॉकॲब्सॉर्बरचे काम करतात.

आता चाक. बैलगाडीचे चाक एवढे मोठे का, हे शेतकऱ्याला सांगायला नको. लहान चाक खड्ड्यात पडते, मोठे चाक त्यावरून निघून जाते. शर्यतीच्या गाडीचे पुढचे चाक १७ इंची. टायर धरून त्याचा व्यास सुमारे ५८ सेंटीमीटर भरतो. त्या ३९० ॲडव्हेंचरचे १९ इंची, म्हणजे सुमारे ६६ सेंटीमीटर. २०१६ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनचे तर २१ इंची, जवळजवळ ७० सेंटीमीटर! पुढच्या चाकाची वरखाली होण्याची मुभाही तशीच वाढते. शर्यतीच्या गाडीत ती १२ सेंटीमीटरच्या आसपास, हिमालयनमध्ये २०. रस्त्यावरचा धोंडा तोच, पण एक गाडी गचका देते, दुसरी गिळून टाकते.

इंजिन तेच असू शकते, असे मी म्हटले; पण काही कारखाने तेही वेगळे घडवतात. त्या पहिल्या हिमालयनची ताकद जेमतेम २४ अश्वशक्ती, आर.सी. ३९० ची ४३. मात्र हिमालयनचे इंजिन मिनिटाला चारसाडेचार हजार फेऱ्यांतच आपला पुरता जोर लावते. दुसरीला त्यासाठी सात हजारांपर्यंत पिळावे लागते. चढावर, ओल्या मुरमावर, हळूहळू जाताना पहिला गुण उपयोगी. नांगराला शर्यतीचा घोडा जुंपत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

ही कल्पना मोठी झाली ती वाळवंटात. बीएमडब्ल्यू या जर्मन कारखान्याने १९८० मध्ये रस्ता आणि रान या दोन्हींसाठी आर ८० जी/एस ही गाडी काढली आणि १९८१ च्या पॅरिस–डाकार शर्यतीत तिच्याच जातीच्या गाडीने बाजी मारली.

तथापि एक बाजू सांगून थांबणे बरे नव्हे. वाटेची गाडी उंच असते. त्या ३९० ॲडव्हेंचरची सीट जमिनीपासून ८५ सेंटीमीटर होती. पाय टेकत नसतील तर थांबतानाच माणूस आडवा होतो. खडबडीत नक्षीचे टायर डांबरी वळणावर, विशेषतः ओल्यावर, शर्यतीच्या टायरइतके धरत नाहीत. आणि सगळ्यांत मोठा धोका असा, की खड्डा जाणवत नाही म्हणून वेग वाढतो. नगर–मनमाड रस्त्यावर रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे आली तर २१ इंची चाकाचा काय उपयोग?

तेव्हा वडिलांना मी इतकेच सांगितले: मुलगा रोज नगर–पुणे हमरस्त्याने जात असता तर हा नाद ठरला असता. तो पाणंदीतून आणि घाटातून जातो, म्हणून ही गरज आहे. पण नवी कोरी घेऊ नका, चांगली वापरलेली पाहा. आधी दोन्ही पाय टेकतात का ते बघा. मग तीनचार रविवार मुरमाड मैदानात सराव करा: उभे राहून हळू चालवणे, मागचा ब्रेक जपून दाबणे, पुढचा एकदम न आवळणे. आणि हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर नव्हे, डोक्यावर ठेवा.

त्याने तसेच केले. हल्ली शनिवारी शाळा सुटल्यावर वडिलांना डबलसीट घेऊन तो भंडारदऱ्यापर्यंत जातो. पूर्वीच्या गाडीवर मागे बसायला म्हातारा कधी तयार झाला नव्हता.

जाता जाता एक गोष्ट. त्याच वाटेने रोज पहाटे एक गवळी साध्या शंभर सी.सी.च्या गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून जातो आणि दूध सांडत नाही. गाडी बदलल्याने प्रवास सुखाचा होतो हे खरे. सावधपणा मात्र गाडीबरोबर मिळत नाही, तो आपला आपणच शिकावा लागतो.