वयाबरोबर उठणेही मोजावे

शासनदरबारी म्हातारपण वर्षांत मोजले जाते. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन ६५ व्या वर्षी, एस.टी.चा मोफत प्रवास ७५ व्या वर्षी. २०२२ साली कंधारच्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धेचे तिकीट माफ झाले. बसची उंच पायरी मात्र माफ झाली नाही. ती चढता येईल की नाही, हे जन्मतारखेवरून कळत नाही. पायांतील बळावरून कळते.

हे बळ मोजण्याची एक सोपी रीत रिकली व जोन्स या अमेरिकन संशोधक महिलांनी १९९९ साली प्रसिद्ध केली. सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवावी, दोन्ही हात छातीशी दुमडावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ७० ते ७४ या वयात ही संख्या स्त्रियांच्या बाबतीत १० च्या आणि पुरुषांच्या बाबतीत १२ च्या खाली गेली, तर पडण्याचा धोका आहे असे अमेरिकेत मानले जाते.

हे आकडे कंधारला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. येथील आयुष्य चुलीपुढे, खुरपणीत, कीर्तनात, म्हणजे जमिनीवर बसण्याउठण्यात जाते. ब्राझीलचे डॉक्टर अराउजो आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली जमिनीवरून उठण्याच्या कसोटीचे निष्कर्ष मांडले. तीत हात वा गुडघा टेकला की गुण कमी होतो. जवळ माणूस उभा ठेवून तीही येथे घेता येईल.

प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. सासूला उठवायला माणूस लागू लागले की सोयाबीनच्या काढणीत सुनेची मजुरी बुडते, आणि हा तोटा कोणत्याच हिशेबात येत नाही. वस्तुतः गेलेले बळ काही अंशी परत मिळवता येते. बोस्टन येथे नव्वदीच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांचे बळ लक्षणीय वाढल्याचे १९९० सालीच दिसून आले.

आशा कार्यकर्तीच्या तपासणी-पत्रकात उभे राहताना वा चालताना तोल जातो काय, हा प्रश्न साठीवरील माणसांसाठी आहेच. परंतु लेकरांवर भार नको म्हणून आपली वडीलधारी माणसे ‘बरं आहे’ एवढेच सांगतात. तेव्हा विचारण्यावर न थांबता मोजावे. खुर्ची आणि घड्याळ गावोगावच्या शाळेत आहेच. वर्षातून एकदा ही संख्या नोंदवावी, ती घटली तर वेळीच डॉक्टरांकडे पाठवावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शुश्रूषेपेक्षा अर्ध्या मिनिटाची ही मोजणी घराला आणि शासनाला, दोघांनाही स्वस्त पडेल.