जुन्या जपानी गाड्यांचा भाव का चढतो?

मोटार शोरूममधून बाहेर पडली की तिचा भाव उतरू लागतो, हा व्यापारातला साधा नियम. जपानच्या काही गाड्यांनी मात्र तो उलटा केला आहे. निस्सान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७ आणि होंडा एनएसएक्स या १९९० च्या दशकातील वेगवान गाड्या चांगल्या स्थितीत असतील, तर आज नव्यापेक्षाही जास्त किंमत देऊन घेतल्या जातात. २०२१ साली अमेरिकेत एक नारिंगी सुप्रा साडेपाच लाख डॉलरला लिलावात गेली. ती एका गाजलेल्या चित्रपटात वापरलेली होती, म्हणून तो भाव सर्वसाधारण समजू नये. पण बाजाराचा कल त्यावरून कळतो.

आपल्याला जपानी तंत्र माहीत झाले ते १९८३ च्या मारुती ८०० मुळे: लहान, स्वस्त, कमी पेट्रोल पिणारी गाडी. त्याच जपानात १९८० च्या दशकाअखेर शेअर आणि जमिनीचे भाव आकाशाला भिडले होते. कंपन्यांनी इंजिनिअरांना खर्चाची मोकळीक दिली. १९९० मध्ये शेअर बाजार कोसळला, पण तोपर्यंत या गाड्यांचे आराखडे पुढे सरकले होते.

त्या मोकळिकीचा परिणाम इंजिनात दिसतो. १९८९ पासून जपानी कंपन्यांत असा समझोता होता की २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त ताकद जाहीर करायची नाही. हा कायदा नव्हता, तरी २००४ पर्यंत पाळला गेला, निदान कागदावर. सुप्राच्या तीन लिटर, सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. मोठा टर्बो बसवून दुप्पट ताकद काढली तरी तो टिकतो, म्हणूनच गॅरेजवाले त्याच्यावर फिदा आहेत. १९८९ च्या जीटी-आरचे इंजिन २,५६८ सीसीचे. हा विचित्र आकडा शर्यतीच्या हिशेबातून आला. टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून वर्ग ठरत असे आणि गुणाकार ४,५०० च्या आत हवा होता. हिशेब बरोबर निघाला: १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानी टूरिंग कार स्पर्धेच्या सर्व २९ शर्यती याच गाडीने जिंकल्या.

ऑगस्ट २००२ मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि जीटी-आर, सुप्रा, आरएक्स-७ या तिघींचे उत्पादन थांबले. पुरवठा संपला. मागणी मात्र वाढतच होती, कारण १९९७ पासून ग्रान टुरिस्मो या व्हिडिओ खेळात याच गाड्या पळवणारी मुले आता कमावती झाली आहेत.

भाव चढण्यामागे एक कायदाही आहे. अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यानुसार तेथील सुरक्षा नियमांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षे जुनी झाल्याशिवाय आणता येत नाही. त्यामुळे १९८९ ची जीटी-आर २०१४ पासून आणि १९९९ ची आर३४ जीटी-आर २०२४ पासून तेथे जाऊ लागली. कोणत्या मालाला कधी नवे गिऱ्हाईक मिळणार, हे व्यापाऱ्याला आधीच ठाऊक! ज्यांच्याकडे पैसा आणि गोदाम होते, त्यांनी गाड्या घेऊन ठेवल्या. साध्या हौशी माणसाच्या हातून त्या निसटल्या त्या इथेच.

जेथे भाव, तेथे भेसळ. साध्या स्कायलाइनला जीटी-आरचे पत्रे आणि चिन्हे चढवून खपवले जाते. चेसिस नंबर मात्र सहज खोटे बोलत नाही: खऱ्या आर३४ जीटी-आरचा क्रमांक बीएनआर३४ ने सुरू होतो, साध्या टर्बो गाडीचा ईआर३४ ने. किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला असू शकतो, म्हणून जपानी लिलावाचा तपासणी कागद मागावा. आरएक्स-७ चे इंजिन रोटरी; त्याच्या सीलची झीज होते, तेव्हा कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय सौदा करू नये.

सुट्या भागांची अडचण कंपन्यांनीही ओळखली. निस्सानने २०१७ मध्ये जुन्या जीटी-आरचे काही भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. टोयोटाने सुप्रासाठी तशीच योजना २०१९ मध्ये जाहीर केली.

आपल्याकडे तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली मोटार साधारणपणे आयात करता येत नाही. विंटेज गाड्यांना वेगळी सवलत आहे, पण या गाड्या अजून त्या वयाच्या झालेल्या नाहीत. तेव्हा मुंबईत कोणी स्वस्तात जीटी-आर दाखवली, तर आधी तिच्या आयातीचे कागद पाहावेत.